रिकामी खोली द्यायची, तर नीट द्या

संपादक महोदय,

बालगृहातील मुलामुलींना १८ वर्षे पूर्ण झाली की संस्था सोडावी लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये २१ वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. पण अनुरक्षण गृहे मोजकीच. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला शिकायला, कामाला आलेल्या अशा तरुणाला घरमालक आधी पालकांचा फोन नंबर मागतो आणि मग डिपॉझिट. त्याच्याकडे दोन्ही नसते. ज्यांची मुले पुण्या-मुंबईला गेली आणि घरात एक खोली रिकामी पडली आहे, त्यांनी ती अशांना जरूर द्यावी.

मात्र आधी वय तपासा. १८ वर्षांखालील निराधार मूल दयेपोटीसुद्धा परस्पर घरात ठेवू नका. १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनवर, पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला २४ तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. सज्ञान तरुणांसाठीही जिल्हा बाल संरक्षण कक्ष या सरकारी कार्यालयाशी बोलूनच पुढे जा. घर तरुणानेही आधी पाहावे आणि नको वाटल्यास नाही म्हणावे.

भाडे नाममात्र असले तरी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाचीच असते. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. नोंदणीकृत करारावर आधारचा पत्ता बदलता येतो. नाहीतर त्यावर जुन्या संस्थेचाच पत्ता राहतो आणि बँकेचे पत्र, एटीएम कार्ड तिकडेच जाते.

खोलीला आतून कडी हवी, कुलूप लागेल असे कपाट किंवा पेटी हवी आणि मुख्य दाराची एक किल्ली त्याच्याकडे हवी. लहानपणापासून मोठ्या हॉलमध्ये रांगेने झोपलेल्या मुलाला स्वतःची कडी म्हणजे काय, हे आपल्याला सहज कळत नाही. नळाला किती दिवसांनी पाणी येते, ते कोण भरणार, धुण्याला किती बादल्या, हे पहिल्याच दिवशी सांगा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निम्मी भांडणे पाण्यावरूनच होतात. जेवण, रात्री येण्याची वेळ, मित्रांचे येणे-जाणे आणि वीजबिलातला वाटाही तेव्हाच ठरवा. रोख उसने देऊ नका. पैशाची अडचण असेल तर कक्षाकडे पाठवा.

बिघडते ते बहुधा घरच्यांच्या वागण्यामुळे. 'घरचाच आहे' म्हणत दळण, किराणा, नातवंडे त्याच्यावर सोपवली जातात आणि अभ्यास राहतो. येणारा-जाणारा आई-बापाबद्दल, जातीबद्दल विचारत राहतो. सर्वांत वाईट म्हणजे दिवाळीत पाहुणे आले की 'चार दिवस कुठेतरी राहा' असे सांगणे. त्या चार दिवसांत जायला त्याला दुसरे घर नसते. सणाला खोली लागणारच असेल, तर ती देऊच नका. एकत्र राहणे नाही जमले तर महिनाभर आधी सांगा, म्हणजे दुसरी सोय करता येते.

मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांच्या बाल संरक्षण कक्षांनी अशा तपासलेल्या खोल्यांची यादी ठेवावी, ही विनंती. महाविद्यालयांचे प्रवेश जूनच्या आसपास सुरू होतात. मेअखेर यादी तयार असेल, तरच तिचा उपयोग.

आपला,
अनुरक्षणाच्या कामातील एक कार्यकर्ता, परभणी