पहाटे तीनचं रीडिंग

सातारा,
१२ जून

चि. अनुजास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पुण्याला गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी आक्का पेढे मागायला आली. "पोरीला कसली नोकरी लागली?" मी सांगितलं, विजेच्या कंपनीत डेटा ॲनालिस्ट, म्हणजे दिवसभर आकडे बघायचे. तर म्हणते कशी, "बरं झालं बाई, वाडीत निम्म्यांनी आकडे टाकलेत, एकदाचे सापडतील!" तुझी आई पदर तोंडाला लावून आत पळाली. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटलं, आक्का फार काही चुकली नाही. फीडरवर, म्हणजे गावाकडे जाणाऱ्या लाइनवर, सोडलेली वीज किती आणि बिलात उतरलेली किती, यातली तूट शोधणं तुझ्याही वाट्याला येणारच की.

सोमवारी हजर होण्याआधी काय वाचू म्हणून फोनवर विचारलंस. पायथन, एसक्यूएल तुझं तू बघ, त्यात माझी अक्कल चालत नाही. मेगावॉट आणि युनिट यांची गल्लत मात्र पहिल्या महिन्यातच मोडून टाक. चांगले शिकलेले लोक मीटिंगमध्ये ती करतात. मेगावॉट म्हणजे यंत्राची ताकद, युनिट म्हणजे प्रत्यक्ष झालेली वीज. एक मेगावॉटचं यंत्र दिवसभर पूर्ण भाराने चाललं तर २४,००० युनिट होतात. पण पवनचक्कीचा पंखा तसा चालत नाही. वर्षभराची सरासरी पूर्ण ताकदीच्या २० टक्के धरलीस तर १७ लाख ५२ हजार युनिट हाती लागतात.

वाऱ्याचं गणित तुला पुस्तकात सापडेलच: वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. वेगाचा अंदाज १० टक्क्यांनी चुकला तर विजेचा ३३ टक्क्यांनी चुकतो. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ तुकडे करून प्रत्येकात किती वीज होईल त्याचा अंदाज आदल्या दिवशी द्यायचा आणि ठरल्यापेक्षा जास्त चुकलं की दंड भरायचा, हा महाराष्ट्रातला नियम २०१८ चा. तुझं बरंचसं पोट त्या ९६ तुकड्यांवर भरेल असं दिसतंय.

जून ते सप्टेंबर तुझ्या आलेखात डोंगर दिसेल. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर वर्षाची बहुतेक कमाई त्याच चार महिन्यांत. तुझा वाढदिवस २२ जुलैचा. लहानपणी तू रुसायचीस, अप्पा कधीच घरी नसतात म्हणून. तो रुसवाही त्या डोंगराच्या माथ्यावरच कुठेतरी आहे बघ.

आता एक गोष्ट लिहितो, जी तुझ्या आईलाही मी सांगितलेली नाही.

आषाढातली रात्रपाळी होती. धुकं असं की कंट्रोल रूमच्या दारातून यार्डातला ट्रान्सफॉर्मर दिसत नव्हता, आणि वारा रेनकोट अंगावर ठरू देत नव्हता. दर तासाला लॉगशीट भरायची: व्होल्टेज, अँपिअर, तेलाचं तापमान. पहिले दोन आकडे आत पॅनेलवर दिसतात. तेलाचा काटा मात्र ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर, बॅटरी घेऊन जवळ जाऊन बघावा लागतो. दोन वाजता गेलो, ५२ अंश होतं. पावणेतीनला लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली. वरच्यांना फोन केले, पेट्रोलिंगला माणसं निघाली, आणि मी ओले मोजे काढून हीटरपाशी बसलो. तीनला खुर्चीतूनच लिहिलं ५३. चारला ५३. पाचला ५२, जरा खरं वाटावं म्हणून.

सकाळी साहेबांनी शीट हातात घेतली. अँपिअरच्या रकान्यात तीनपासून शून्य, शेजारच्या रकान्यात तेल ५३. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भार नाही तर तेल कशानं तापतंय, भाऊ?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी तो कागद बदलू दिला नाही. पुढे सगळ्या शीटा कॉम्प्युटरवर चढल्या, त्यात माझे ते तीन आकडेही नीट टाइप होऊन गेले असणार.

असे आकडे आता तुझ्या पुढ्यात येतील. दोन रकाने शेजारी ठेवून बघायची साहेबांची ती सवय घे. कधी सहा तास वारा ११.३ वर अडलेला दिसेल. वारा असा बसत नाही, तिथे सिग्नल तुटलेला असतो आणि स्क्रीनवर शेवटचा आकडा गोठून राहतो. कधी शून्य दिसेल. पंखा बंद होता म्हणून शून्य, की माहिती आली नाही आणि कुणीतरी शून्य भरलं? शून्य वेगळं, रिकामा चौकोन वेगळा. रिकामा दिसला की सरासरी टाकून बुजवायचा मोह होतो, मलाही झाला होता. आधी साइटवरच्या ऑपरेटरचा नंबर मिळव आणि विचार. पण रात्री फोन करू नकोस, काहीतरी बिघडलं समजून बिचारा यार्डात पळेल. शिफ्ट संपताना कर.

तसंच कोयनेचं. १९६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प. संध्याकाळी मागणी चढली की त्याची यंत्रं मिनिटांत उठतात. पण वीज करायला पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे आणि तो हिशोब १ जूनपासून मोजतात. मे महिन्यात तिथली निर्मिती घसरलेली दिसली तर मशीन बिघडलं असा शेरा मारण्याआधी पाणी किती उरलंय ते बघ.

आणि गावाकडच्या शेतीच्या फीडरवर रात्री थ्री-फेज सुटली की भार भिंतीसारखा उभा चढेल. ते तुझे नानामामा. कराडकडच्या लोकांनी पंपांना ऑटो स्विच लावलेत, वीज आली की सगळे एकदम सुरू होतात. आठवड्यातून एखादी डीपी जळते, मग नाना सरकारला शिव्या देतात. स्वतःच्या ऑटो स्विचबद्दल चकार शब्द नाही. या आठवड्यात त्यांची पाळी रात्रीची आहे. बिबट्याच्या भीतीने हातात काठी, डोक्याला बॅटरी, आणि उसात गुडघाभर चिखल.

आई विचारतेय, कँटीनमध्ये भाकरी मिळते का. हिशोबाने खर्च कर, पण जेवणात काटकसर करू नकोस.

यंदा २२ जुलैला मी घरी आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तुला रजा मिळायची नाही, हे मला कळतं. मीच सकाळच्या एसटीने येईन, संध्याकाळी ऑफिसच्या गेटपाशी थांबेन.

तुझे,
अप्पा

ता. क. मीटरचा आकडा कधी तसाच घेऊ नकोस, एमएफने, म्हणजे त्या मीटरला ठरवून दिलेल्या गुणकाने, गुणायचा असतो. सीटी, म्हणजे मोठा प्रवाह मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर, वेगळ्या प्रमाणाची बसवली की एमएफही बदलतो. एखाद्या ग्राहकाचा वापर एका रात्रीत बरोबर निम्मा झाला तर आधी सीटी कधी बदलली ते विचार, मग चोरीचा संशय घे. आक्काला हे सांगू नकोस.