राजाच्या किल्ल्या आणि आपला गाविलगड

लंडन,
ऑक्टोबर अखेर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काल रात्री टॉवर ऑफ लंडन या इथल्या जुन्या किल्ल्याचा दरवाजा लागताना पाहिला. आपण दोघांनी मिळून एवढे गड पालथे घातले, पण गडाचं दार खरोखर बंद होताना, त्याला कुलूप पडताना मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. घरी परतल्यावर झोप येईना. हे सांगायचं तर तुलाच, म्हणून लिहायला बसलो.

या विधीला इथे 'सेरेमनी ऑफ द कीज' म्हणतात. दिवसा कोहिनूर बघायला लोटणाऱ्या गर्दीशी त्याचा संबंध नाही. तिकीट अगदी थोड्या पैशांचं, पण मोजक्याच लोकांना मिळतं. ताईने बरेच आधीपासून लक्ष ठेवून ते मिळवलं होतं. रात्री साडेनऊला पश्चिमेच्या दारापाशी हजर राहायचं, उशीर झाला तर प्रवेश नाही. आत फोटोला सक्त मनाई. ही मनाई मला फार आवडली. सगळ्यांचे हात रिकामे आणि नजर समोर.

आम्हाला आत नेलं एका यीमन वॉर्डरने. चित्रांत दिसतात ते लाल झग्यातले टॉवरचे रखवालदार म्हणजे हेच. लष्करात किमान २२ वर्षं नोकरी, वॉरंट ऑफिसरचा हुद्दा आणि उत्तम वर्तणुकीचं पदक असल्याशिवाय हे काम मिळत नाही. २००७ साली पहिल्यांदा एक बाई या पदावर आल्या. आणि मुख्य म्हणजे ही माणसं राहतात टॉवरच्या आतच, बायकापोरांसह. तटाला लागून त्यांची घरं आहेत, वर खिडक्यांत दिवे दिसत होते. गडावर माणसं राहताहेत आणि रात्र झाली म्हणून दार लावायचं आहे, एवढी ही साधी गोष्ट. कुणाला दाखवण्यासाठी ती सुरू झालेली नाही. आम्ही नसतो तरी काल दार लागलंच असतं.

उगम असा सांगतात. १३४० च्या डिसेंबरात तिसरा एडवर्ड रात्रीच्या वेळी नदीतून अचानक टॉवरवर आला, तर पहारा ढिला आणि किल्लेदार गायब. राजाने किल्लेदाराला कैदेत टाकलं, आणि तेव्हापासून रोज रात्री दारं लावण्याची शिस्त लागली. आजच्या विधीचं रूप बरंच अलीकडचं, एकोणिसाव्या शतकातलं आहे. त्याकडे मी येतोच.

नदीच्या बाजूच्या दोन तटांमधली दगडी गल्ली म्हणजे वॉटर लेन. तिथे 'ट्रेटर्स गेट'जवळ आम्हाला उभं केलं. राजद्रोहाचा आरोप असलेल्या कैद्यांना थेम्समधून होडीने याच पाणदरवाजातून आत आणत. उजेड बेताचाच होता. दहाला सात मिनिटं कमी असताना बायवर्ड टॉवर नावाच्या बुरुजाकडून मुख्य वॉर्डर निघाला. अंगात लांब लाल डगला, डोक्यावर ट्युडर काळातली टोपी, एका हातात मेणबत्तीचा कंदील, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. ट्रेटर्स गेटपाशी बंदूकधारी शिपायांची तुकडी थांबलेली होती. एकाने त्याच्या हातातला कंदील घेतला आणि सगळे पावलात पाऊल मिळवून बाहेरच्या दाराकडे गेले. वाटेतला प्रत्येक पहारेकरी सलामी देतो. ती सलामी माणसाला नसते, किल्ल्यांना असते.

आधी सगळ्यात बाहेरचं दार, मग मिडल टॉवरचं, मग बायवर्ड टॉवरचं. ओकच्या लाकडाची ती जड दारं लागली, कुलपं फिरली. आणि तुकडी परत आमच्या दिशेने येऊ लागली. समोर ब्लडी टॉवरची कमान. १४८३ साली दिसेनासे झालेले दोन लहान राजपुत्र इथेच मारले गेले असं लोक मानतात, त्यावरून हे नाव. कमानीच्या अंधारातून एक शिपाई बंदूक रोखून पुढे झाला आणि असा ओरडला की माझ्या शेजारची छोटी मुलगी आईला बिलगली.

"थांबा! कोण आहे?"
"किल्ल्या."
"कुणाच्या किल्ल्या?"
"राजे चार्ल्स यांच्या किल्ल्या."
"मग जाऊ द्या. सगळं आलबेल आहे."

संवाद एवढाच. सप्टेंबर २०२२ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षं, इथे एलिझाबेथ राणीचं नाव होतं. राजा बदलला तसं नाव बदललं, बाकी अक्षर हललं नाही.

तुकडीमागून आम्हीही कमानीतून आत गेलो. पायऱ्यांवर सगळा पहारा रांगेत उभा होता. मुख्य वॉर्डर दोन पावलं पुढे आला, टोपी उंचावली आणि राजाला देव सुखरूप ठेवो असं मोठ्याने म्हणाला. शिपायांनी एकसुरात 'आमेन' म्हटलं, आणि त्याच क्षणी घड्याळात दहाचे टोल सुरू झाले. मग बिगुलावर 'लास्ट पोस्ट' ही दिवस संपल्याची लष्करी धून वाजली. किल्ल्या रात्रीपुरत्या गव्हर्नरच्या घरी गेल्या. दुसऱ्या महायुद्धात टॉवरवर बॉम्ब पडले तेव्हा एका रात्री हा विधी उशिरा झाला. स्फोटाच्या धक्क्याने मुख्य वॉर्डर आणि शिपाई खाली पडले, उठले, कपडे झटकले आणि पुढे चालू लागले. पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने उशिराबद्दल सहाव्या जॉर्ज राजाला माफीचं पत्र लिहिलं. त्याला शिक्षा करू नये, असं उत्तर राजाकडून आलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. हा विधी रात्री दहाच्या ठोक्याला बांधला तो ड्यूक ऑफ वेलिंग्टनने. १८२६ साली तो टॉवरचा कॉन्स्टेबल, म्हणजे किल्लेदार झाला आणि १८५२ मध्ये मरेपर्यंत त्या पदावर राहिला. खंदकातल्या घाण पाण्याने रोगराई होत होती, तो त्यानेच कोरडा करवला. आज राजमुकुट ज्या इमारतीत आहेत ती वॉटर्लू बराक्सही त्याच्याच काळातली. हा वेलिंग्टन म्हणजे कोण, हे तुला सांगायला नको. आपला आर्थर वेलस्ली! १८०३ च्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेणारा, सप्टेंबरात असईला, नोव्हेंबरात अडगावला लढणारा आणि १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर हल्ला चढवणारा.

वॉर्डरच्या तोंडून वेलिंग्टनचं नाव ऐकलं आणि मी मनाने थेट चिखलदऱ्याला पोचलो. लबाडा गावाच्या बाजूने इंग्रजांच्या तोफांनी बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. आतल्या किल्ल्याचं दार मात्र शाबूत होतं. कॅप्टन कॅम्पबेलची माणसं दरीतून शिड्या लावून तट चढली आणि त्यांनी ते आतून उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. शार्दूल दरवाजाखाली बसून तू मला हे पहिल्यांदा सांगितलं होतंस, आठवतं? त्या वेळी वेलस्ली माझ्यासाठी शत्रूचा सेनापती होता आणि गोष्ट तिथेच संपत होती. काल कळलं की आपल्या गडाचं दार ज्याच्या फौजेने उघडलं, त्यानेच पुढे त्याच्या राजधानीतल्या गडाचं दार रोज घड्याळाच्या ठोक्यावर लावायचा नियम घालून दिला. दार हाच गडाचा जीव असतो, हे त्याला नीट ठाऊक होतं. मला राग आला, सुहास. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने नाशिककडच्या किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या मुद्दाम फोडल्या, तेही आठवलं. पण समोर किल्ल्या घेऊन चालणाऱ्या त्या म्हाताऱ्या वॉर्डरबद्दल आदरच वाटला. दोन्ही एकदम वाटलं आणि अजूनही वाटतंय.

आणि हे आपल्याकडे नव्हतं असं थोडंच आहे? शिवकाळात गडाच्या किल्ल्या हवालदाराच्या, म्हणजे गडाच्या मुख्य अधिकाऱ्याच्या ताब्यात असत. रोज संध्याकाळी त्याने स्वतः दारं लावायची, अडसर ओढून पक्का बसला की नाही ते बघायचं, सकाळी स्वतः येऊन उघडायची. हे काम दुसऱ्यावर सोपवायची मुभा नव्हती. हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती उभीच आहे या नियमावर. दार लागलं म्हणजे लागलं, घरी तान्हं बाळ असलं तरी ते उघडायचं नाही.

आपल्याकडे त्या दारांच्या आता चौकटी उरल्यात. अलीकडे काही दुर्गप्रेमी मंडळी लोकवर्गणीतून सागवानी दरवाजे बसवताहेत, ते काम मला आता फार मोलाचं वाटतं. २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, टॉवर १९८८ पासून आहे. त्या बारांपैकी एखाद्या तरी गडावर रोज सूर्यास्ताला हवालदाराच्या पोशाखातला माणूस किल्ल्या घेऊन येईल, गडावर नोंद झालेली सगळी माणसं उतरली का ते विचारील आणि दार लावील, असं व्हायला हवं. ढोलताशे नकोत, लेझर शो नको. पावसाळ्यात बघायला एकही माणूस नसला तरी ते झालं पाहिजे. तुझ्या शाळेतल्या मुलांना तू हे सांगशील का? आणि वनखात्यातल्या तुझ्या ओळखीच्या साहेबांकडेही एकदा विषय काढ.

सव्वादहाच्या सुमाराला आम्हाला दिंडी दरवाजातून एकेक करून बाहेर काढलं, कारण मोठं दार आता सकाळपर्यंत उघडणार नव्हतं.

मी दिवाळीनंतर पंधरवड्याने येतोय. तेव्हा दोन दिवस काढून चिखलदऱ्याला जाऊ. तोवर जमलं तर गाविलगडाच्या दरवाजांच्या आतल्या बाजूला भिंतीत अडसराच्या खोबणी शाबूत आहेत का, हे बघून ठेव. मागच्या वेळी गवत इतकं माजलं होतं की काही दिसलं नाही. काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. काकूंना माझा नमस्कार सांग, आणि ताईने त्यांच्यासाठी घेतलेली लोकर मी बरोबर आणतोय हेही सांग.

तुझा,
नितीन