बारूखाची पाच वचने

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. देव सावध करतो आहे की आपले मनच भ्यालेले आहे, हे ओळखायचे कसे, असे तू विचारलेस. आणि मोठे पद पुढे आलेले असताना, वर चढण्याची ओढ मनात असताना, रोजच्या मननाला प्रामाणिकपणे बसायचे कसे, हेही विचारलेस. दोन्ही प्रश्नांची वाट मला एकाच अध्यायातून जाताना दिसते, म्हणून आधी तिथे जाऊ.

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ४५ वा अध्याय काढ. अवघी पाच वचने आहेत. ५२ अध्यायांच्या ग्रंथात डोळा त्यावरून सहज निसटतो. माझ्या मते मंडळीत सगळ्यांत कमी वाचल्या जाणाऱ्या आणि सगळ्यांत जास्त गरज असलेल्या भागांपैकी हा एक आहे. नेरीयाचा मुलगा बारूख हा यिर्मयाचा लेखनिक. यहोयाकीम राजाच्या चौथ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६०५ च्या सुमारास, संदेष्ट्याच्या तोंडून निघालेला एकेक इशारा तो गुंडाळीवर उतरवत होता. सगळ्या राष्ट्राला दिलेली ताकीद त्याच्याच हातून लिहिली गेली. त्याच दिवसांत देवाने त्याच्या एकट्यासाठी वेगळा निरोप दिला: तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टींची इच्छा धरतोस काय? धरू नकोस.

त्या ‘मोठाल्या गोष्टी’ कोणत्या, हे शास्त्र सांगत नाही. पण ५१ व्या अध्यायात सराया नावाचा एक दरबारी अधिकारी भेटतो. त्याच्या बापाचे आणि आजोबाचे नाव बारूखाच्या बापाआजोबाचेच आहे, म्हणजे हा त्याचा भाऊच. घर शिकलेले, दरबारात वावरणारे. अशा घरातल्या माणसाला आपल्या लेखणीला मान मिळावा असे वाटले तर नवल नाही. आणि मित्रा, बारूख वचनाच्या विरोधात गेलेला माणूस नव्हता. तो वचनाच्याच कामात होता, त्यासाठी जोखीम पत्करत होता. त्याची हाव त्या सेवेच्या शेजारीच बसली होती. म्हणून ती ओळखायला देवाचा शब्द लागला.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर तू प्रत्येक इच्छेला पाप समजून बसशील. प्रेषित पौल ज्या ग्रीक क्रियापदाने आपली धडपड सांगतो, त्याचा मूळ अर्थच ‘मानाची गोष्ट समजून झटणे’ असा आहे. नव्या करारात ते तीनदाच येते: जिथे ख्रिस्ताचे नाव पोहोचले नाही तिथे सुवार्ता सांगण्यासाठी (रोम १५:२०), प्रभूला संतोषवण्यासाठी (२ करिंथ ५:९), आणि शांतपणे राहून आपले काम करण्यासाठी (१ थेस्सल ४:११). तेव्हा झटणे वाईट नाही. फिलिप्पैकरांस लिहिताना तो ज्याला ‘पोकळ डौल’ म्हणतो, ते वाईट. एकच काम या दोन्हींपैकी कशानेही होऊ शकते, आणि बाहेरून फरक दिसत नाही.

आता इशारा आणि भीती. देवाचा इशारा नेमका असतो. तो एका गोष्टीवर बोट ठेवतो आणि परत फिरायला जागा ठेवतो. भावावर जळणाऱ्या काइनाला देवाने आधी प्रश्न विचारला: तू का संतापलास? मग सांगितले की पाप दाराशी टपून आहे, पण तू त्याच्यावर सत्ता चालव. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्नाचा अर्थ सांगताना दानीएलाने न्यायाने वागण्याचा आणि गरिबांवर दया करण्याचा उपाय सांगितला, आणि शिक्षा येण्यापूर्वी बारा महिने गेले. योना संदेष्ट्याच्या इशाऱ्यानंतर निनवे शहराला ४० दिवस मिळाले. याउलट ‘तू नालायक आहेस, तुझे काही खरे नाही’ असा मोघम सूर मनात वाजत असेल, ज्यात काय सोडायचे हे कळतच नाही, तर त्याला देवाचा इशारा समजू नकोस. तो सूर दोष देतो आणि दार लावून घेतो.

भीतीचीही एक खूण आहे. भीती दर चार दिवसांनी नवे कारण शोधते. इशारा त्याच जागी, तोच राहतो. यासाठीच वही लागते, कारण स्मरण या बाबतीत आपल्याला फसवते. नकोसा इशारा आपण विसरतो, आणि तो दुसऱ्यांदा आला की पहिल्यांदाच ऐकल्यासारखे वागतो.

बलामाचा प्रसंग (गणना २२) याच कारणासाठी सावकाश वाच. इस्राएलाला शाप द्यायला मवाबाचा राजा बालाक याने त्याला बोलावले होते. पहिल्या रात्री देवाने स्पष्ट सांगितले: जाऊ नकोस. मग बालाकाने आणखी मोठे, आणखी मानाचे सरदार पाठवले, आणि बलामाने पुन्हा विचारले. उत्तर मिळाले असताना पुन्हा विचारणे, हीच त्या प्रसंगातली खरी गडबड आहे. आपण तिला ‘आणखी प्रार्थना करतो’ असे नाव देतो. नवी माहिती आली म्हणून पुन्हा विचारणे वेगळे. बलामाकडे नवे काय आले होते? फक्त मोबदला वाढला होता. पुढे बलाम निघाला आणि देवाचा दूत वाटेत आडवा आला, तेव्हाच्या त्याच्या गाढवीच्या तीन थांबण्यांकडे लक्ष दे. पहिल्यांदा ती रस्ता सोडून शेतात शिरली, तिथे वळायला मोकळी जागा होती. दुसऱ्यांदा द्राक्षमळ्यांच्या दोन भिंतींमध्ये बलामाचा पाय चेंगरला. तिसऱ्यांदा उजवीडावीकडे वळायलाच जागा नव्हती, म्हणून ती खाली बसली. इशारा न ऐकता पुढे जाणाऱ्याची वाट अशीच अरुंद होत जाते. तुझ्या वहीत एकाच गोष्टीबद्दलच्या तीन तारखा सापडल्या, आणि प्रत्येक तारखेला मागे फिरणे आधीपेक्षा महाग झालेले दिसले, तर चौथ्या तारखेची वाट पाहू नकोस.

आणखी एक खूण दोन राजांच्या मरणात सापडते. इस्राएलाचा राजा अहाब याला ४०० संदेष्टे एका सुरात ‘चढाई कर’ म्हणाले. एकट्या मीखायाने उलट सांगितले आणि तो तुरुंगात गेला. अहाब वेश पालटून लढाईत उतरला आणि चिलखताच्या सांध्यातून घुसलेल्या बाणाने मेला. यहूदाचा योशीया तर चांगला राजा. आठव्या वर्षी गादीवर बसला, ३१ वर्षे राज्य केले, देवाचे मंदिर दुरुस्त केले. त्यालाही इशारा मिळाला, पण मिसरच्या नखो राजाच्या तोंडून, आणि २ इतिहास ३५ म्हणतो की ते शब्द देवाच्या मुखातले होते. परक्याने, तेही शत्रूने, सांगितलेले तो कसे मानणार? तोही वेश पालटून मगिद्दोच्या खोऱ्यात लढायला गेला, आणि त्यालाही बाण लागला. वेश पालटावासा वाटणे ही खूण मी फार गंभीरपणे घेतो. एखाद्या निर्णयातला काही भाग तू बायकोला सांगत नसशील, पाळकांना अर्धाच सांगत असशील, कागदावर एक कारण आणि मनात दुसरे असेल, तर तिथे थांब. वेश उतरव आणि मग पुन्हा विचार कर.

आता रोज बसायचे कसे. पंचवीस मिनिटे पुरेत, आणि सुरुवातीला त्याहून जास्त ठरवू नकोस. तासभराचा संकल्प दहाव्या दिवशी मोडतो आणि मग माणूस सगळेच सोडतो. सकाळची वेळ बरी, फोन हातात घेण्यापूर्वीची. दिवसाचे निरोप एकदा वाचले की मन कामाच्या मागे लागते आणि शास्त्रभाग नुसता डोळ्यांखालून जातो.

पहिली तीन मिनिटे गप्प बस. मग दहा ते पंधरा वचनांचा भाग दोनदा वाच, दुसऱ्यांदा मोठ्याने. आपला आवाज कानावर पडला की टाळलेले वचन टाळता येत नाही. त्यानंतर वहीत तीनच वाक्ये लिही: या भागात देव कोणाला, कशाबद्दल सावध करतो. माझ्या या आठवड्यातल्या कोणत्या गोष्टीला ते लागू होते. आज मी काय करीन किंवा काय करणार नाही. तिसऱ्या वाक्यात क्रियापद आणि वेळ हवीच. ‘मी नम्र होईन’ हे वाक्य चालणार नाही. ‘आजच्या बैठकीत ज्याने काम केले त्याचे नाव मी आधी घेईन’ हे चालेल. उरलेला वेळ प्रार्थनेला, आणि तिची सुरुवात उपकारस्तुतीने कर. जे मिळाले त्याबद्दल आभार मानलेले मन मोठाल्या गोष्टींकडे थोडे कमी धावते.

रात्री पाच मिनिटे पुन्हा. इथे १६ व्या शतकातल्या इग्नाशियस लोयोला या येशूसंघाच्या संस्थापकांची पद्धत मला फार उपयोगाची वाटते. एका वेळी एकच दोष धरायचा. दिवसासाठी वहीत दोन रेघा मारायच्या, एक दुपारपर्यंतची आणि एक रात्रीपर्यंतची, आणि तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. तू दोष म्हणून ‘गर्व’ धरू नकोस, तो मोजता येत नाही. ‘स्वतःचे काम न विचारता सांगितले’ किंवा ‘दुसऱ्याच्या बढतीची बातमी ऐकून मनात खोट काढली’ असे काही धर. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढलेले दिसतील. दोष वाढलेला नसतो, तो आता दिसू लागलेला असतो, म्हणून घाबरून सोडू नकोस.

आठवड्याला एक वचन तोंडपाठ कर. अरण्यात सैतानाने प्रभूला जगातली सगळी राज्ये दाखवली, तेव्हा प्रभूने जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या ग्रंथातल्या वचनाने उत्तर दिले. तिन्ही परीक्षांची उत्तरे अनुवादाच्या ६ व्या आणि ८ व्या अध्यायांतली आहेत. मोहाच्या वेळी ग्रंथ उघडून शोधायला सवड नसते. जे आधी पाठ असते तेच हाताशी येते.

हे बिघडते कुठे, तेही लिहितो. सगळ्यांत जास्त बिघडते ते दुसऱ्यासाठी वाचल्याने. नाथान संदेष्ट्याने गरिबाची मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली तेव्हा दावीद राजा त्या श्रीमंतावर संतापला, पण तो श्रीमंत आपणच आहोत हे त्याला कळले नाही. वाचताना एखाद्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तर त्याच्यासाठी प्रार्थना कर आणि तोच भाग स्वतःचे नाव घालून पुन्हा वाच. दुसरे, डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आजची खूण समजायचे. यात आपल्याला हवे ते मिळेपर्यंत पाने उलटली जातात. एक ग्रंथ धर आणि ओळीने वाच, म्हणजे नको असलेला अध्यायही आपल्या दिवशी समोर येईल. आणि सकाळी मिळालेले वचन लगेच गटावर पाठवू नकोस. एक दिवस ते तुझ्याजवळ राहू दे. पाठवले की पाळल्याचे समाधान मिळते, आणि पाळणे राहून जाते.

इशारा क्वचितच एका फटक्यात नाकारला जातो. बारूखाने लिहिलेली ती गुंडाळी नवव्या महिन्यात, थंडीच्या दिवसांत, यहोयाकीमासमोर वाचली गेली (यिर्मया ३६). पुढ्यात शेगडी पेटलेली होती. तीन-चार स्तंभ वाचून झाले की तो लेखनिकाच्या चाकूने तेवढाच तुकडा कापी आणि विस्तवात टाकी. आपणही असेच तुकडे कापतो: हे वचन त्या काळासाठी होते, हे पाळकांसाठी असेल, याचा माझ्या नोकरीशी काय संबंध. त्यानंतर देवाने दुसरी गुंडाळी लिहायला लावली, आणि तिच्यात पहिलीतले सगळे शब्द होतेच, शिवाय तशाच आणखी पुष्कळ शब्दांची भर पडली.

तुझ्यापुढे आलेल्या त्या मोठ्या पदाबद्दल मी हो किंवा नको म्हणणार नाही. पण उत्तर देण्यापूर्वी १ शमुवेल १५ मोठ्याने वाच, आणि ३० व्या वचनापर्यंत वाच. पुष्कळजण २२ व्या वचनावर, यज्ञापेक्षा आज्ञापालन बरे, इथे थांबतात. इस्राएलाचा राजा शौल याने अमालेकावरच्या स्वारीनंतर कर्मेलात स्वतःचे स्मारक उभारले होते. आज्ञा मोडल्याबद्दल शमुवेल संदेष्ट्याने धरल्यावर त्याने ‘मी पाप केले’ असे कबूल केले, एकदा नव्हे, दोनदा. पण दुसऱ्या कबुलीला जोडूनच तो म्हणतो: तरी आता माझ्या लोकांच्या वडील जनांपुढे माझा मान राख. कबुली खरी की नाही ते तिच्या पुढच्या वाक्यात कळते. तुझ्या वहीतल्या कबुलीच्या पुढचे वाक्य काय आहे, ते बघ.

आणि एका माणसाला विचार. तू वर गेल्याने ज्याला काहीच मिळणार नाही आणि तू न गेल्याने ज्याचे काही जाणार नाही, असा एक. त्याला सगळे सांग, वेश न पालटता. तो काय म्हणाला ते तारखेसह लिहून ठेव, आणि जमले तर मलाही कळव. तोपर्यंत रोज सकाळी तुझे नाव प्रार्थनेत घेतो आहे. वहिनींना आणि मुलांना सलाम.

तुझाच,
एक जिवलग मित्र