होकार आधी, कॅमेरा नंतर

संपादक महोदय,

मारामारीच्या दृश्याला फाइट मास्टर लागतो, यावर कुणी वाद घालत नाही. प्रणयदृश्यात मात्र ‘सहज येऊ द्या’ एवढ्या सूचनेवर दोन कलाकारांना कॅमेऱ्यासमोर सोडले जायचे. ‘मी टू’ चळवळीनंतर हे बदलू लागले. २०१८ मध्ये एचबीओ या अमेरिकी वाहिनीने आपल्या मालिकांतील अशा दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे प्रणयदृश्यांचा समन्वयक, नेमण्याचे धोरण स्वीकारले.

ही व्यक्ती म्हणजे सेन्सॉर नव्हे. स्पर्श कुठे चालेल, कुठे नाही, अंग किती दिसेल, हे ती प्रत्येक कलाकाराशी स्वतंत्रपणे बोलून आधीच ठरवते. मग नृत्यासारखी हालचाल बसवली जाते. अंग झाकायला त्वचेच्या रंगाची आवरणे असतात, सेटवर मोजकीच माणसे थांबतात. आणि दिलेला होकार ऐनवेळी मागेही घेता येतो. मला हे सर्वांत मोलाचे वाटते, कारण नवख्या मुलीला किंवा मुलाला दिग्दर्शकासमोर ‘नको’ म्हणणे किती जड जाते! उत्स्फूर्तता मरते, हा आक्षेप मला मुळीच पटत नाही.

मात्र या समन्वयकाला शूटिंगच्या सकाळी नव्हे, संहितेच्या वाचनापासूनच बोलवायला हवे.

– एक चित्रपटप्रेमी वाचक