पडद्यावरच्या सिगारेटला इशाऱ्याची पट्टी, मग सर्पदंशाला का नाही?

मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. एकदा चौथीच्या वर्गात विचारलं होतं, "साप चावला तर काय कराल?" उत्तर एका सुरात आलं: घट्ट दोरी बांधायची, ब्लेडने चीर द्यायची, तोंडाने विष ओढायचं. कुणी शिकवलं? "बाई, टीव्हीवर दाखवतात की!" एकाने तर ओढून थुंकायची नक्कलही करून दाखवली, अगदी नायकासारखी मान झटकून.

इच्छाधारी नागिणीबद्दल माझी तक्रार नाही. तिने खुशाल सूड घ्यावा, नागमणी शोधावा. ती गोष्ट आहे हे पोरांनाही कळतं. घोळ होतो तो दंशानंतरच्या दोन मिनिटांत, कारण तेवढीच त्यांना खरी वाटतात.

पडद्यावर दंश म्हणजे दोन ठळक भोकं, निळं पडलेलं अंग, तोंडाला फेस. मण्यार असलं काही करत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. खूण दिसेलच असं नाही, दुखतही फारसं नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडकतो. घरचे म्हणतात, काहीतरी बाधलं असेल. अंग कुठे निळं झालंय? उलट घोणस किंवा फुरसं चावल्यावर दोरी आवळली, तर जीव वाचूनही हात-पाय गमवायची वेळ येते. ओढून विष निघत नाही. त्याला उतारा प्रतिविषाच्या इंजेक्शनचाच, आणि ते आपल्या राज्य सरकारच्या हाफकिन कंपनीतही बनतं. (मांत्रिकाला यश येतं, कारण बहुतेक साप बिनविषारीच असतात.)

2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे 58 हजार. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा आपल्याच सरकारने मार्च 2024 मध्ये जाहीर केला. केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमांत तर अंधश्रद्धेला उत्तेजन देणाऱ्या कार्यक्रमांना मनाईच आहे. वाहिन्या सुरुवातीला "कथा काल्पनिक आहे" अशी पाटी भर्रकन सरकवून मोकळ्या होतात. ती वाचायला माझा चष्माही पुरत नाही.

2 ऑक्टोबर 2012 पासून पडद्यावर कुणी सिगारेट पेटवली की खाली इशारा झळकतो. तशीच पट्टी सर्पदंशाच्या दृश्याला लावा: "विष ओढू नका, दोरी आवळू नका, रुग्णाला चालवू नका, लगेच रुग्णालयात न्या." दृश्य संपेपर्यंत ती राहू दे, वाहिनीच्या भाषेत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत. वर नायकाने हवं तेवढं विष ओढावं.

आमच्याकडे लावणी सुरू झाली आहे, माणसं दिवसभर चिखलात उभी आहेत. नागपंचमीचे विशेष भागही आता येतील. आदेश त्याआधी निघावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका