त्या एका ओळीसाठी, मावशी, मनापासून आभार

मावशी, प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही हे मोबाईलवर वाचणार नाही ते माहितीये, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून स्क्रीनकडे बघायचंच नाही असं तुम्हीच ठरवून टाकलंय, पण नात वाचून दाखवेल. तोंडावर बोलायला गेलो की "चल, काहीतरीच" म्हणून आईच्या शुगरवर येता, म्हणून इथे चारचौघांत लिहितोय. नाव टाकत नाही. नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कळायचं त्याला कळेल.

धाकट्या भावाला जाऊन वर्ष होत आलं. आजार, दवाखाना, बिलं यातलं काही लिहीत नाही, ज्याच्या घरात झालंय त्याला सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून समजत नाही. लिहायचंय ते नंतरचं.

दफनविधी उरकून आलो आणि घर वचनांनी भरून गेलं. एक म्हणाले देवाची काहीतरी योजना असेल. एका बाईंनी आईला, म्हणजे ज्या माऊलीचं पोर गेलं तिलाच, ऐकवलं की चांगली माणसं देवालाही हवी असतात. कोणी धाकट्याच्या फोटोला गुलाबाची फ्रेम करून खाली रोमकरांस 8:28, म्हणजे देव सगळं मिळून भल्यासाठीच करतो हे बायबलचं वचन, टाकून स्टेटस ठेवलं. आणि ते एक प्रार्थनावाले ब्रदर, जे आजारपणात घरी येऊन डोक्यावर हात ठेवून छातीठोक सांगून गेले होते की उपास धरा, शंका घेऊ नका, उठून बसेल, ते नंतर भलत्याच कोणाकडे बोलले की त्या घरात विश्वासच कमी पडला. आईच्या कानावर आलं ते. मी फोन लावला, उचलला नाही. बरं झालं नाही उचलला.

बायबलमधला ईयोब, ज्याची पोरंबाळं, सगळं गेलं, त्याचे मित्र तेव्हा फार आठवायचे. अलीफज, बिल्दद, सोफर. आपण त्यांना नावं ठेवतो, पण निदान सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, एक शब्द बोलले नव्हते. तोंड उघडलं तिथून बिघडलं, आणि 42 व्या अध्यायात देव त्या तिघांवर संतापतो, ईयोब माझ्याविषयी नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत म्हणून. आमच्याकडे आलेल्यांनी सात दिवस गाळून डायरेक्ट भाषणच सुरू केलं.

मी उपासनेला येत होतो ते आईला गाडीवर आणायला कोणीतरी पाहिजे म्हणून. गाणी म्हणायचो, उभं राहा म्हटलं की उभा, बसा म्हटलं की बसायचो. पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली आणि "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" जवळ आलं की जीभच उचलायची नाही. ओठ मिटून थांबायचो आणि रोजच्या भाकरीपासून परत धरायचो. एवढ्या सगळ्या आवाजात एक आवाज एका ओळीपुरता कमी पडला तर कोणाला कळतंय असं वाटायचं. तुम्हाला कळलं.

तुम्ही मागच्या बाकावर बसायचा. एका रविवारी उठून माझ्या शेजारी आलात, ती कापडी पिशवी मधे ठेवलीत, आणि नेमकी ती ओळ आली तेव्हा माझ्या कोपराला दोन बोटं लावून तेवढीच ओळ मोठ्याने म्हणालात. आधीची आणि नंतरची प्रार्थना तुमच्या नेहमीच्या पुटपुटण्यात. तुमचा आवाज कसा आहे ते लिहीत नाही, क्वायरवाले तुम्हाला का बोलावत नाहीत ते मंडळीला ठाऊक आहे, पुढच्या बाकावरचे दोघं वळून बघायला लागले होते. नंतर बाहेर मी गाडी काढत होतो तर हँडलवर हात ठेवून म्हणालात, "तेवढी ओळ तुझ्या वाटची मी म्हणते. बाकीचं तू म्हण. तुला येईल तेव्हा येईल." आणि लगेच आईकडे वळून, मेथी स्वस्त झालीये, घेऊन जा.

बस एवढंच. पण पुढच्या रविवारी परत तेच, आणि अख्खा पावसाळा तेच. नाशिकरोडवरून रिक्षा बदलत, द्वारकाच्या ट्रॅफिकमध्ये अडकत, गुडघा धरून यायचा तुम्ही. एकदाही विचारलं नाहीत की अजून नाही का जमत.

बायबलमध्ये मार्क 2 मधला पक्षाघाती मला तेव्हा कळला. संडे स्कूलमध्ये ते चित्र रंगवलंय आपण सगळ्यांनी, छप्पर उसकटून चौघं जण खाट खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय तिथे, खाटेवरच्याचं वेगळं काही नाही. कधी कधी माणसाला दुसऱ्याच्या विश्वासावर पडून राहावं लागतं आणि ते चालतं. शरणपूरला तर उचलून नेणं नवीन नाही. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इथल्या मिशनमध्ये शिकली, आणि 1873 मध्ये शोधप्रवासी मिशनरी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. महिनोन्‌महिने चालत. वाटेत कोणी त्यांना वचनं ऐकवली असतील की नाही कोण जाणे, ओझं मात्र त्यांनी खाली टाकलं नाही.

आणि ती ओळ प्रभूलाही सोपी गेली नव्हती ना. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत आधी हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणाला, आणि तीनदा तीच प्रार्थना केली. मग आमच्याकडून ती पहिल्याच आठवड्यात खणखणीत का हवी होती लोकांना?

एकदा तुमच्या ओट्याशी लसूण सोलताना मी विचारलं होतं, तुम्हाला कधी देवाचा राग आला नाही का. तुम्ही म्हणालात आला की, आणि मग तुमच्या आजीचं सांगितलंत, 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी आणलेल्या पोरींतली ती. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होतात तोवर नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा. तरी केडगावात बायबलचं भाषांतर चालूच ठेवलं आणि 5 एप्रिल 1922 ला स्वतः गेल्या. मी वाट बघत होतो की आता तात्पर्य येणार. तुम्ही म्हणालात, साली कचऱ्यात टाक, सिंकमध्ये नको.

आध्यात्मिक वाढ म्हणतात तिच्यावर आम्ही तरुण संघाच्या शिबिरात प्रश्नमंजुषा घेतली होती, पहिलं बक्षीस धाकट्याला मिळालं होतं. आता कोणी विचारलं तर मला एकच सांगता येईल, की मी देवाशी भांडतो आणि भांडून झाल्यावर तिथेच बसतो, उठून जात नाही. आमच्या पाळकसाहेबांना हे चालेल का माहीत नाही.

तुमच्यासारखी माणसं स्टेजवर दिसत नाहीत. प्रीतिभोजनाची भांडी घासायला असतात. त्या दिवशी दफनभूमीत पाऊस आला तर स्वतः भिजत आईच्या डोक्यावर ताडपत्री धरणारा माती ओढायला आलेला पोरगा, त्याला आमचा देवही माहीत नसेल. अशांच्या जिवावर चाललंय सगळं, माईकवाल्यांनी मनावर घेऊ नये.

ती ओळ मला अजून स्वतःसाठी पूर्ण म्हणता येत नाही, अर्धीच निघते. पण गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की आधी मला कळवा, सुनेला नंतर. न्यायला आणायला मी आहे. आणि तुम्ही पडून असाल त्या रविवारी तुमच्या वाटची ती ओळ मी म्हणणार, मोठ्याने, वळून बघणारे बघू देत. डबा आमच्याकडून येईल, आईने आत्ताच सांगून ठेवलंय, कॅन्टीनचं काही खायचं नाही.

तुमचा,
तिसऱ्या बाकावरचा