खाण पाण्याखाली जाण्याआधी ती लोकांना दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणी एकेक करून बंद होत आहेत. कोळसा आता मुख्यतः खुल्या खाणींतून निघतो, त्यावर माझा वाद नाही. पण यातली एक तरी खाण लोकांना बघायला राखून ठेवावी आणि ती दाखवायचे काम निवृत्त कामगारांकडे द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलाकडे कार्डिफला गेलो असताना वेल्समधल्या ब्लेनाव्हॉनची 'बिग पिट' पाहिली. ही खाण 1980 साली बंद झाली आणि 1983 पासून लोकांसाठी खुली आहे. उतरण्याआधी प्रत्येकाला हेल्मेट, कॅप लॅम्प आणि कमरेला बॅटरी व सेल्फ रेस्क्युअर (विषारी वायूत श्वास घेण्यासाठीचे साधन) बांधतात. मोबाइल, बॅटरीचे घड्याळ, काडेपेटी सगळे वरच जमा. मिथेन असलेल्या जागी एक ठिणगी पुरते, म्हणून मी काम केले त्या खाणीतही खाली जाताना झडती व्हायची. मग पिंजऱ्यातून 90 मीटर खाली.

आमचा वाटाड्या जुना खाण कामगार होता. त्याने हातातल्या काठीने छत ठोकले आणि सर्वांना कान द्यायला सांगितले. दगड पक्का असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलेला असेल तर बद्द. सून माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज हे करायचात?" मी ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख करणारा, होतो. प्रत्येक पाळीत हेच केले, पण घरी कधी सांगितले नव्हते. सांगून कळलेही नसते.

पुढे कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या घोड्यांचे तबेले आहेत. हवेची दारे उघडझाप करायला लहान मुले अंधारात बसवत, ती जागाही दाखवतात. 10 वर्षांखालच्या मुलांना आणि बायकांना खाली कामाला लावण्यावर 1842 च्या कायद्याने बंदी आली. कोणी विचारले, डबा कुठे खायचात? उंदीर होते का? वाटाड्याची उत्तरे पाठ केलेली नव्हती.

आपल्याकडे सांगण्यासारखे कमी नाही. वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वे नेली ती कोळशासाठी. वरोऱ्याची खाण 1906 साली बंद पडली. आज वरोरा म्हटले की आनंदवन आठवते, खाण कोणालाच नाही. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरच्या खाणीत 2016 साली पर्यटन सुरू झाले तेव्हा आम्हा जुन्या मंडळींना फार बरे वाटले होते. तसे चंद्रपूर जिल्ह्यातही व्हावे. इथल्या मुलांनी कोळशाची धूळ जन्मापासून पाहिली आहे, पण गॅलरी (खाणीतला बोगदा), पिलर (छताला आधार म्हणून ठेवलेला कोळशाचा खांब), रूफ बोल्ट (छत धरून ठेवणारा लोखंडी बोल्ट) म्हणजे काय हे त्यांना माहीत नाही. कित्येकांचे आजोबा तिथेच राबले.

निर्णय मात्र खाण बंद करण्याआधी व्हायला हवा. पंप थांबले की पाणी चढू लागते, पंखा थांबला की वायू साचतो, आणि इन्क्लाइनचे, म्हणजे खाणीत उतरणाऱ्या तिरक्या बोगद्याचे, तोंड एकदा बांधून टाकले की ती खाण पुन्हा उघडणे जवळपास अशक्य. सगळी खाण चालू ठेवा असे मी म्हणत नाही. इन्क्लाइनने चालत उतरता येईल असा वरचा थोडा भाग, एक पंखा, एक पंप आणि रोजची छत व वायूची तपासणी एवढे पुरेल. लोकांना घेऊन फिरायला माझ्यासारखे निवृत्त ओव्हरमन, सरदार (कामाची जागा तपासणारे), लोडर (कोळसा भरणारे) या जिल्ह्यात आहेत. बोलावले तर आम्ही बिनपगारी येऊ.

— एक निवृत्त ओव्हरमन, चंद्रपूर